'द गिल्ट ट्रिप' : आई आहे, मुलगा आहे, पण रस्ता कुठे आहे?

रानवाट

काल रात्री 'द गिल्ट ट्रिप' पाहिला. २०१२ चा सिनेमा, म्हणजे मी बरीच उशिरा पोचले. बार्ब्रा स्ट्रायसँड आई, सेथ रोगन मुलगा आणि न्यू जर्सीपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत दोघांचा गाडीने प्रवास. एवढं वाचूनच मी हरखले होते. (पुढे कथा फुटणार आहे. ज्यांना कोरी पाटी ठेवून बघायचा आहे त्यांनी इथे थांबा.)

अँडी रसायनशास्त्रज्ञ आहे. नारळ, पामच्या बिया आणि सोयाबीन यांपासून त्याने साफसफाईचं एक द्रावण बनवलंय, पोटात गेलं तरी अपाय न करणारं. ते मोठमोठ्या दुकानांच्या गळी उतरवायला तो देशभर फिरणार आहे. आई जॉइस विधवा आहे, एकटी राहते, दिवसातून दहा वेळा त्याच्या फोनवर निरोप ठेवते. निघायच्या आधी ती त्याला सांगते, की लग्नापूर्वी तिचं दुसऱ्याच एका अँडीवर प्रेम होतं आणि मुलाचं नाव तिने त्याच्यावरून ठेवलं. मुलगा गुपचूप शोध घेतो. त्या नावाचा माणूस सॅन फ्रान्सिस्कोत सापडतो, आणि हा आईला म्हणतो, चल माझ्याबरोबर. खरं कारण मात्र सांगत नाही.

काय सुरेख बीज आहे! आपली आई आपल्या आधीही कोणीतरी होती, हे पोराला तिशीत पहिल्यांदा कळतंय, आणि आता हजारो किलोमीटर तिच्या शेजारी बसायचंय. यातून केवढं निघालं असतं. निघालं काय, तर मोटेलमध्ये अंथरुणात बसून गोड गोळ्या खाण्याचा आवाज, बंद पडलेली गाडी, नको त्या बारमध्ये आईला घेऊन जायची वेळ, आणि दर पाच मिनिटांनी 'पाणी पी रे'. मी दीड तासात तीनदा हसले. वाईट याचं वाटलं, की मला मनापासून आवडायचा होता हा सिनेमा.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. तुम्हाला कसा वाटला? आणि बाप-मुलगी, बाप-मुलगा यांच्या प्रवासाचे चांगले सिनेमे पटकन आठवतात, तसा आई-मुलाचा का आठवत नाही?

कुंपणावरचा

पाहिलाय. एका विमानप्रवासात. आई शेजारीच बसली होती आणि तिला झोप लागली. पुरेसं परीक्षण आहे हे.

निवांत

रानवाट, दुसऱ्या प्रश्नाबद्दल. 'पिकू' (२०१५) घ्या. दिल्ली ते कोलकाता, बाप आणि मुलगी, आणि बापाच्या पोटाची तक्रार हाच अर्धा विषय. विनोद तितकेच घरगुती आहेत, 'पाणी पी'च्याच जातीचे. तरी ते चालतात, कारण त्या तक्रारीमागे म्हाताऱ्याची मरणाची भीती आहे आणि पिकूचं त्याच्यात गुंतून पडणं आहे. शिवाय गाडीत तिसरा माणूस आहे, इरफान. तो या दोघांना बाहेरून बघतो, वैतागतो, एकदा म्हाताऱ्याला चार खडे बोलही सुनावतो. 'गिल्ट ट्रिप'च्या गाडीत असा तिसरा कोणी नाही. दोघंच एकमेकांवर आदळत राहतात आणि दोघांनाही नवीन काही कळत नाही.

सांजवेळ

मला स्ट्रायसँडसाठी वाईट वाटलं. १९९६ नंतर पहिल्यांदा ती मुख्य भूमिकेत आली होती. मधल्या काळात 'फॉकर्स'च्या विनोदी सिनेमांमधली सासू केली, पण ती सहायक भूमिका. ज्यांनी १९७२ चा 'व्हॉट्स अप, डॉक?' पाहिलाय त्यांना ठाऊक असेल ही बाई विनोदात काय करू शकते. त्यात ती बोलते त्याच्या दुप्पट वेगाने तिचे डोळे बोलतात, आणि समोरचा माणूस एक वाक्य संपवेपर्यंत ती तीन भानगडी करून मोकळी झालेली असते. तीच बाई इथे आहे, वयाच्या सत्तरीत आहे, आणि तेज तेच आहे. पण दिग्दर्शिकेने तिला 'काळजी करणारी आई' या एकाच सुरावर बांधून ठेवलंय. ज्या क्षणी ती जुन्या प्रियकराची गोष्ट सांगते तो प्रसंग परत बघा. आवाज खाली येतो, हात थांबतात. ती बाई उरलेल्या सिनेमात कुठे गेली?

आणि या भूमिकेसाठी तिला वाईट अभिनयाच्या रॅझी पुरस्काराचं नामांकन मिळालं, हा मला सरळ अन्याय वाटतो. दोष कागदावर लिहिलेल्या जॉइसचा होता.

झुळूक

मी इथे एकटी पडणार असं दिसतंय, पण मला आवडला. अगदी सगळा नाही, तरी आवडला.

माझा मुलगा अठ्ठावीस वर्षांचा आहे, सहा वर्षं दूर राहतो. सुरुवातीला ती फोनवर एकामागून एक निरोप ठेवते ना, तो प्रसंग तुम्हा सगळ्यांना घिसापिटा वाटला असेल. मी तिथे हसले नाही, माझ्या पोटात कालवलं. कारण पहिला निरोप कामाचा असतो. दुसरा, पहिल्यात एक गोष्ट राहिली म्हणून. तिसरा, 'परत फोन करू नकोस, काही विशेष नाही' हे सांगायला. मी हे केलंय. ते लिहिणाऱ्या माणसाने आपल्या आईचे निरोप ऐकलेले आहेत.

मोटेलमधलं भांडणही खरं आहे. मुलगा तोडून बोलतो, आणि ती पहिल्यांदाच माघार न घेता उलट बोलते, उठून निघून जाते. बऱ्याच सिनेमांत आई अशा वेळी डोळे पुसते आणि पोरगं तिला मिठी मारतं.

मैलाचादगड

झुळूकताई, तुमचा अंदाज बरोबर आहे. पटकथाकार डॅन फोगलमन याने स्वतःच्या आईबरोबर न्यू जर्सी ते लास वेगास असा प्रवास केला होता, त्यातून ही कथा आली. त्याच्या आईचंही नाव जॉइस. म्हणजे बीज अस्सल आहे. हाच फोगलमन पुढे दूरचित्रवाणीवर 'धिस इज अस' घेऊन आला आणि घराघरांत लोकांना रडवलं, तेव्हा कुटुंबाची नाडी त्याला सापडत नाही असं कोणी म्हणू नये.

मग बिघडलं कुठे? माझं उत्तर रानवाट यांच्या शीर्षकातच आहे. रस्ताच नाही. स्ट्रायसँडने काम स्वीकारताना अट घातली होती, की चित्रीकरण घरापासून पाऊण तासाच्या आत व्हावं आणि तिला भल्या पहाटे उठवू नये. तिच्या वयाला आणि लौकिकाला ती अट शोभते, माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण परिणाम पडद्यावर दिसतो. दोघांचं बहुतेक काम लॉस एंजेलिसच्या आसपास उरकलं, आणि देशभरची दृश्यं दुसऱ्या तुकडीने टिपून आणली. गाडीतले प्रसंग बघा. खिडकीबाहेरचा उजेड आणि तोंडावरचा उजेड जुळत नाही. टेनेसी, टेक्सस, ॲरिझोना या तीन राज्यांत हवा, धूळ, आभाळाची उंची सगळं वेगळं असतं. इथे तिन्हीकडे एकच दुपार आहे.

प्रवासाच्या सिनेमात निम्मं काम रस्ता करतो. माणसं गप्प असतात तेव्हा तो बोलतो. रस्ता नसेल तर शांतता परवडत नाही, आणि मग भरायला काय उरतं? बडबड. जॉइस इतकी बोलते त्याचं एक कारण तिचा स्वभाव आहे आणि दुसरं कारण बाहेर बघण्यासारखं काही नाही हे आहे.

रानवाट

मैलाचादगड, हे मला अजिबात माहीत नव्हतं आणि आता सगळं उलगडलं. काल बघताना सारखं वाटत होतं की ही दोघं कुठेच पोचत नाहीयेत.

अनुस्वार

थोडं अवांतर. 'गिल्ट ट्रिप'ला मराठीत काय म्हणाल? इंग्रजीत त्या दोन शब्दांत प्रवासावर कोटी आहे, शिवाय समोरच्याला अपराधी वाटायला लावणं हा मूळ अर्थ आहे. 'टोचणी लावणं' जवळ जातं, पण टोचणी आपली आपल्याला लागते, दुसरा कोणी ती लावून देतो असं आपण सहसा म्हणत नाही.

भटकभवानी

मराठीत त्याला शब्द नाही, वाक्य आहे. 'असू दे, माझं मी बघते.'

पारिजात७

भटकभवानी, साष्टांग नमस्कार. आणि त्याचा मोठा भाऊ : 'नाही गं, मी कुठे काय म्हटलं?'

कुंपणावरचा

'तुम्ही जेवून घ्या, माझी वाट बघू नका.' हा मी ऐकला की दोन घास कमी जातात.

अनुस्वार

म्हणजे आपल्याकडे शब्द नसण्याचं कारण कळलं. गोष्ट इतकी रोजची आहे की तिला नाव द्यायची गरज पडली नाही. अमेरिकी विनोदात ज्यू आईचं एक ठरलेलं पात्र आहे, खाऊ घालणारी, काळजीने जीव काढणारी, सूक्ष्म टोमणे मारणारी. नाटकं, कादंबऱ्या, रंगमंचावरचे विनोदवीर, सगळ्यांनी ते वापरून गुळगुळीत केलंय. जॉइस त्याच घराण्यातली. मराठी प्रेक्षकाला ती लगेच ओळखीची वाटते, आणि माझ्या मते इथेच लेखक सुस्तावला. ओळख पटली की हसू येतं, पण ते पहिल्या दहा मिनिटांपुरतं. पुढे त्या ओळखीच्या बाईत अनोळखी काहीतरी दिसायला हवं.

भटकभवानी

टेक्ससमधल्या मांसाच्या प्रसंगाबद्दल कोणीच कसं बोललं नाही? जॉइस पैजेवर ५० औंसांचा स्टेक खायला बसते. म्हणजे जवळजवळ १४०० ग्रॅम! मला तो सिनेमातला सर्वांत जिवंत भाग वाटला. एकतर तिथे ती पोराची काळजी करत नाहीये, स्वतःसाठी काहीतरी जिंकतेय. आणि तो टोपीवाला गृहस्थ शेजारी बसून तिला कसं खायचं ते शिकवतो, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जी लाज आणि मजा एकत्र येते ती स्ट्रायसँडच करू जाणे.

अशी पैज टेक्ससमध्ये खरोखर लागते. अमारिलोला महामार्ग ४० च्या कडेला एक प्रसिद्ध खानावळ आहे, तिथे ७२ औंसांचा, म्हणजे दोन किलोंचा तुकडा, वर कोळंबी, बटाटा, सॅलड आणि पाव, सगळं एका तासात संपवलं तर फुकट. १९६० पासून चालू आहे. खाणाऱ्याला सगळ्यांच्या समोर उंच चौथऱ्यावर बसवतात. मी तिथे थांबले होते (बघायला!). एक सडपातळ मुलगा चाळिसाव्या मिनिटाला काटा खाली ठेवून नुसता छताकडे बघत बसला, आणि त्याची आई खालून त्याला 'पुरे आता, उठ' अशा खुणा करत होती. सिनेमात नेमकं उलटं आहे, खाणारी आई आणि घाबरलेला मुलगा. ही उलटापालट अजून चार ठिकाणी केली असती तर?

निवांत

भटकभवानी, 'उलटापालट' हा शब्द पटला. सिनेमा खरा हलतो तो तीनच ठिकाणी, आणि तिन्ही ठिकाणी आई मुलाच्या हातातून निसटते. प्रियकराची कबुली, भांडणानंतर निघून जाणं आणि हा स्टेक.

पारिजात७

मला ग्रँड कॅन्यनच्या प्रसंगाचा राग आला आणि तो अजून गेलेला नाही.

जॉइसला आयुष्यभर ती घळ बघायची आहे. पोचतात, काठावर उभे राहतात, आणि विनोद असा की आता किती वेळ बघायचं? पाच मिनिटं? दहा? मग निघतात. प्रेक्षक हसतात, कारण अशा ठिकाणी आपल्यालाही क्षणभर तसं झालेलं असतं.

मी माझ्या आईला तिथे घेऊन गेले होते. ती सहा महिन्यांसाठी अमेरिकेत आली होती. तिच्या बहात्तराव्या वर्षी. फ्लॅगस्टाफ गावाहून कॅन्यनचा दक्षिण काठ दीड तासावर आहे. गाडी भाड्याने देणाऱ्यांनी ठरलेली गाडी न देता एक चिमुकली गाडी हातात ठेवली, आईचे गुडघे समोर टेकत होते, आणि मी त्या दीड तासात कमीत कमी वीस वेळा वसवस केली तिच्यावर. तिने एकदाही 'असू दे' म्हटलं नाही. खिडकीतून पाइनची झाडं मोजत होती.

काठावर पोचलो. पहिली पाच मिनिटं ती काहीच बोलली नाही. मग विचारलं, 'हे सगळं पाण्याने केलं म्हणतेस, ते पाणी कुठंय?' बऱ्याच ठिकाणांवरून नदी दिसतच नाही. ती दीड किलोमीटर खाली आहे, मधले सुळके आड येतात. मी म्हटलं, नाही दिसत इथून. ती म्हणाली, 'मग जिथून दिसतं तिथे चल.' आम्ही पूर्वेकडे लिपन पॉइंटला गेलो. तिथून कोलोरॅडो नदी दिसते, मळकट दोऱ्यासारखी. आई कठड्याजवळच्या दगडावर बसली आणि उन्हं उतरेपर्यंत उठली नाही. अडीच तास. खडकांचे रंग बदलत होते, आधी पिवळट, मग विटकरी, मग जांभळे. मधेच म्हणाली, 'तुझ्या बाबांना हे दाखवायचं राहिलं.' त्यानंतर पुन्हा गप्प.

त्या सिनेमात अशी दोन मिनिटं असती ना, तर बाकीचा सगळा बाष्कळपणा मी माफ केला असता. तिथे जॉइसला नुसतं बसू द्यायचं होतं. तिचा नवरा गेलाय. ज्याच्यावर प्रेम होतं तो कुठे आहे तिला माहीत नाही. शेजारी पोरगा आहे, ज्याच्याकडे एक गुपित आहे. याहून जास्त काय हवं होतं लेखकाला?

झुळूक

पारिजात, वाचून थांबले थोडा वेळ. काही लिहीत नाही यावर.

निवांत

पारिजात यांच्या प्रतिसादानंतर 'नेब्रास्का' (२०१३) आठवला. म्हातारा बाप आणि मुलगा, मोंटानातल्या बिलिंग्जपासून नेब्रास्कातल्या लिंकनपर्यंत. वाटेत माउंट रशमोरला थांबतात, आणि बाप त्या चार राष्ट्राध्यक्षांच्या शिल्पाकडे बघून सांगतो की काम अर्धवट राहिलंय. विनोदाची जात तीच, मोठं स्थळ आणि छोटी प्रतिक्रिया. पण तिथे त्या प्रतिक्रियेतून म्हातारा कळतो. सगळं आयुष्य अर्धवट राहिल्याची चीड आहे त्यात. ग्रँड कॅन्यनच्या विनोदातून जॉइसबद्दल काही कळत नाही. तो विनोद कोणाच्याही तोंडी घालता येतो, आणि म्हणून तो फुकट जातो. शिवाय 'नेब्रास्का' त्या त्या राज्यांत जाऊन चित्रित केलाय, हे मैलाचादगड यांच्या मुद्द्याला धरून.

सांजवेळ

शेवटाबद्दल बोलू या का? सॅन फ्रान्सिस्कोत दार उघडतं आणि समोर येतो तरुण अँडी, प्रियकराचा मुलगा. वडील वारले आहेत. जॉइस कशीबशी विचारते, त्यांनी कधी माझं नाव काढलं होतं का? तो 'नाही' म्हणतो. आणि मग त्याची बहीण आत येते आणि तिचं नाव जॉइस आहे.

मी इथे रडले. उगाच नाकारणार नाही. दोन माणसांनी, एकमेकांना न कळवता, आपापल्या पोरांना एकमेकांची नावं दिली. आयुष्यभर रोज दहा वेळा ती नावं हाकेत आली. आता पुन्हा पहिला अर्धा तास बघा, प्रत्येक वेळी 'अँडी' म्हणून हाक मारताना ती काय करत होती याचा अर्थ बदलतो. एवढी मोठी गोष्ट लेखकाच्या हातात होती!

मैलाचादगड

सांजवेळ, म्हणूनच मला हा सिनेमा नुसता 'वाईट' म्हणून सोडून देता येत नाही. सुमारे ४ कोटी डॉलर खर्च आणि जगभरात जेमतेम ४.२ कोटींची कमाई. नाताळच्या तोंडावर लावलेला, दोन मोठी नावं, तरी लोक फिरकले नाहीत. निर्मात्यांनी त्यातून बहुधा एवढाच धडा घेतला असेल, की आई-मुलाची गोष्ट चालत नाही. रानवाट यांच्या दुसऱ्या प्रश्नाचं हे एक दुःखद उत्तर. बाप-मुलाचा सिनेमा पडला तर तो एक सिनेमा पडतो. आई-मुलाचा पडला की विषयच पडला असं ठरतं.

अनुस्वार

अजून एक कारण सुचतं. बापाशी मुलाचं बोलणं तुटलेलं असतं, त्यामुळे प्रवासात ते जुळतं आणि गोष्ट तयार होते. आईशी बोलणं चालूच असतं. रोजचं, जेवलास का छापाचं. ते कधी तुटत नाही, म्हणून त्याच्याखाली किती न बोललेलं आहे ते दिसत नाही. ते दाखवायला बोलणं आधी थांबवावं लागतं, आणि त्याला धीर लागतो.

रानवाट

अनुस्वार, हे लिहून ठेवते.

काल रागारागात धागा काढला होता. आज झुळूकताई आणि सांजवेळ यांच्यामुळे भांडणाचा आणि शेवटाचा प्रसंग पुन्हा पाहिला. भांडणाबद्दल मी चुकले होते, तो चांगला आहे. पहिल्यांदा बघताना त्याच्या आधीच्या पोरकटपणाने मी इतकी वैतागले होते की तिथे माझं मन आलंच नाही. शेवटचा प्रसंगही लागला. मात्र अँडी दूरचित्रवाणीवर ते द्रावण पिऊन दाखवतो आणि आईचा सल्ला ऐकल्यामुळे धंदा जमतो, तो भाग मला अजूनही खोटा वाटतो. आईचं बरोबर होतं हे सिद्ध करायला माल खपायलाच हवा होता का?

माझं मत एवढंच बदललं, की काल मी याला वाया गेलेला दीड तास म्हणत होते, आज वाया गेलेली गोष्ट म्हणते. गोष्ट वाया गेल्याचं जास्त लागतं.

कुंपणावरचा

विमानात झोपलेली माझी आई. तिला काल हा धागा वाचून दाखवला. तिला शेवट माहीतच नव्हता. ते बहिणीचं नाव वाचलं तेव्हा म्हणाली, 'परत वाच.' आता शनिवारी दोघं बघणार आहोत. या वेळी ती जागी राहील, बहुतेक मीच झोपणार नाही याची काळजी ती घेईल.

झुळूक

पारिजात, एक विचारायचं होतं. पुढच्या महिन्यात मुलगा मला फ्लॅगस्टाफहून ग्रँड कॅन्यनला नेतोय. सगळं त्यानेच ठरवलंय, मला कशालाच हात लावू देत नाही. संध्याकाळी लिपन पॉइंटला गेलो तर परत येताना फार अंधार होतो का? त्याला रात्री गाडी चालवायला लावणं मला बरं वाटत नाही, पण नदी बघायची आहे.

पारिजात७

झुळूकताई, अंधार होतो, आणि रस्त्यावर हरणं, सांबरासारखे मोठे एल्क येतात, तेव्हा सावकाश चालवायला लागते. रात्रीचा मुक्काम फ्लॅगस्टाफला न करता काठाजवळच करा, तिथून लिपन पॉइंट पाऊण तासाच्या आत आहे. खोल्या लवकर भरतात, आजच बघायला सांगा त्याला. उन्हाळ्यातही स्वेटर न्या, दोन हजार मीटरच्या वर आहे ते, सूर्य गेला की गारठा पडतो. बसायला काहीतरी जाड न्या, दगड तापलेला असतो आणि मग एकदम थंड होतो.

आणि त्याला आधीच सांगून ठेवा की तुम्हाला तिथे बराच वेळ लागेल.

झुळूक

सांगते. आत्ताच फोन करते. उचलला नाही तर निरोप ठेवते.